अहवालात नसलेले रकाने

मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात केमिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा माझं सगळं लक्ष पाण्याकडे होतं. एम.एस्सी.ला तेच शिकले होते, मुलाखतीत तेच विचारलं होतं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाणारे आकडेही पाण्याचेच असतात. बीओडी किती, सीओडी किती, कोलिफॉर्म किती. शहरातल्या मोऱ्यांचं, संडासांचं, धुण्याभांड्यांचं काळपट पाणी एका टोकाने आत शिरतं आणि दुसऱ्या टोकाने जवळजवळ नितळ होऊन नदीत पडतं. मधल्या टाक्यांत नेमकं काय घडतं ते समजून घ्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाळाचा विषय माझ्यापुढे आणला तो आबांनी. आबांचं शेत केंद्राच्या कुंपणाला लागून आहे. सेंट्रिफ्यूज चालू झालं की त्यांचा ट्रॅक्टर दारात उभा असतो, कारण इथला गाळ फुकट मिळतो आणि डीएपी खताची गोणी साडेतेराशेला पडते.

हा गाळ म्हणजे काय, ते आधी सांगते. टाकीत खालून हवा सोडली की पाण्यातले जिवाणू मैला खाऊन वाढतात. हवा बंद केली की ते गोळ्या-गोळ्यांनी तळाशी बसतात आणि वरचं पाणी काढून घेता येतं. रोज सकाळी मी एक लिटरच्या नळकांड्यात ते मिश्रण घेऊन अर्धा तास ठेवते आणि गाळ कुठल्या रेघेपर्यंत बसला ते पाहते. तपकिरी थर आणि वरचं स्वच्छ पाणी यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट दिसली, तर टाकीची तब्येत ठीक. जिवाणू वाढतच राहतात म्हणून जास्तीचा गाळ सतत काढून टाकावा लागतो. त्यात पॉली म्हणजे पॉलिइलेक्ट्रोलाइट मिसळून तो सेंट्रिफ्यूजमध्ये सोडतात. खालच्या तोंडातून ओलसर, काळा, हाताने वळता येईल असा लगदा पडत राहतो. त्याला आमच्याकडे सगळे केक म्हणतात. सेंट्रिफ्यूज बंद असलं की गाळ जुन्या वाळूच्या वाफ्यांवर पसरतात, आणि पावसाळ्यानंतर त्या वाफ्यांत टोमॅटोची रोपं तरारून येतात. शहराने खाल्लेल्या टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून, गटारातून आणि आमच्या टाक्यांतून सहीसलामत पार होऊन तिथे उगवतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभी होते.

आबांनी मला विचारलं ते साधंच होतं. "पोरी, तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. हा माल उसाला टाकला, ऊस झकास आला. आता घासाला टाकावा म्हणतो. म्हशी खातील. चालेल ना?"

मी ऑफिसात जाऊन गाळाचा तपासणी अहवाल काढला. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात जी मर्यादा दिली आहे, तिच्याशी ताडून तो केलेला होता. आर्सेनिक किलोमागे 10 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, कॅडमियम 5, क्रोमियम आणि निकेल 50, शिसं 100, तांबं 300, जस्त 1000, पारा 0.15. आठ धातू, आठही मर्यादेच्या आत. शेजारी ओलावा, सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद. अहवाल चांगला होता, आणि तो चुकीचा असावा असं मला आजही वाटत नाही. पण त्या कागदावर ज्यांच्यासाठी रकानाच नव्हता अशा गोष्टींचं काय, हा प्रश्न तिथे मनात आला. आमचं शहर गटारात काय फक्त आठ धातू सोडतं? साबण, पावडर, फिनाईल, शाम्पू, गोळ्या-औषधं, प्लास्टिक, रंग यांचं काय होतं? वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "लॅबला जे विचारतो तेच लॅब सांगते. नियमात नाही ते कोण विचारणार?" त्यांनी मला टाळलं नाही, खरी स्थितीच सांगितली. आबांना मी थोडं थांबायला सांगितलं आणि वाचायला बसले. त्यानंतर जे कळत गेलं त्याने माझा गोंधळ वाढतच गेला, आणि तो जसा वाढला तसाच इथे मांडते आहे.

पहिला धक्का आमच्या टाक्यांबद्दलच होता. धुलाईच्या आणि सफाईच्या मालात, कापड गिरण्यांत, रंगांत तेल-पाण्याचा मेळ घालायला नोनिलफिनॉल एथॉक्सिलेट नावाचं रसायन वापरतात. त्याचा एक भाग तेलाला धरतो आणि लांब शेपटीसारखा दुसरा भाग पाण्याला. मैलापाण्याच्या टाकीत जिवाणू ही शेपटी कुरतडून खातात. उरतं ते नोनिलफिनॉल, आणि ते मूळ मालापेक्षा वाईट. पाण्यात विरघळायला ते नाखूश, तेलकट वस्तूंना चिकटायला उत्सुक, आणि शरीरात गेलं की इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या जागी बसून त्याचंच काम थोडंफार करणारं. म्हणजे आमची टाकी व्यवस्थित चालते म्हणूनच ते तयार होतं. तेलकट ताट नळाखाली धरलं तर पाणी ओघळून जातं आणि तेल ताटालाच राहतं, तसं हे पाण्याबरोबर न जाता गाळाला धरून बसतं. पाण्याचे आकडे सुंदर येतात, कारण जे पाण्यातून गेलं ते केकमध्ये आलेलं असतं.

हे काही नवं नाही, हेच मला जास्त लागलं. स्वित्झर्लंडमधल्या वॉल्टर गिगर यांनी सहकाऱ्यांबरोबर 1984 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापलं. हवेशिवाय पचवलेल्या गाळात त्यांना वाळल्या वजनाच्या किलोमागे सरासरी सुमारे एक ग्रॅम नोनिलफिनॉल सापडलं होतं. मिलिग्रॅम नव्हे, ग्रॅम. ज्या कॅडमियमसाठी आपण किलोमागे पाच मिलिग्रॅमची मर्यादा घालून वर्षानुवर्षं तपासण्या करतो, त्याच्या दोनशे पट. दोन्हींचं विष सारखं नाही, तेव्हा ही तुलना ताणायला नको. पण एक ग्रॅम असलेल्या गोष्टीला रकाना नसावा, हे काही केल्या पचेना.

तेव्हा नोनिलफिनॉल इस्ट्रोजेनसारखं वागतं हे कुणाला विशेष ठाऊक नव्हतं. ते अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अपघाताने उजेडात आलं. ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच भराभर वाढतात. एकदा त्या इस्ट्रोजेन न देताही वाढू लागल्या. शोध घेत घेत दोघे पोचले ते साठवणुकीच्या प्लास्टिकच्या नळ्यांपर्यंत. नळ्यांच्या प्लास्टिकमध्ये नोनिलफिनॉल होतं आणि ते झिरपत होतं. 1991 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच विंगस्प्रेड इथे थिओ कोलबॉर्न यांनी वन्यजीव, पेशी, गर्भ अशा निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक एकत्र आणले, आणि संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं असा एक वेगळा गट तिथून मानला जाऊ लागला.

दुसरा गोंधळ खऱ्याखुऱ्या संप्रेरकांचा. माणसं रोज लघवीवाटे इस्ट्रोजेन बाहेर टाकतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायका त्यात कृत्रिम इस्ट्रोजेनची भर घालतात. आपल्या आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या माला-एन गोळीत इथिनिल इस्ट्राडिऑल 0.03 मिलिग्रॅम असतं. शरीर हे सगळं बाहेर टाकताना त्याला शर्करेचा किंवा सल्फेटचा तुकडा जोडून निष्क्रिय करतं. मला वाटलं, चला, इथे तरी काळजी नाही. पण गटारातले जिवाणू तो तुकडा तोडतात आणि संप्रेरक पुन्हा जागं होतं. गोळी घेणाऱ्या बाईचा यात काडीचा दोष नाही, आणि ही माहिती तिच्याविरुद्ध वापरणाऱ्यांचा मला राग येतो. स्वतःच्या शरीराबद्दल तिने घेतलेला निर्णय शहाणपणाचा आहे. त्यापुढचं काम आम्हा केंद्रवाल्यांचं आहे.

आणि मात्रा? इथे तर माझं शिक्षणच मला उपयोगी पडेना. विष म्हणजे मात्रेचा प्रश्न, कमी मात्रेत कमी अपाय, हे आम्ही घोकलेलं. पण शरीराचं स्वतःचं इस्ट्राडिऑल रक्ताच्या मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. जिथे शरीर स्वतःच एवढ्याशा मात्रेने कारभार चालवतं, तिथे 'नगण्य' कशाला म्हणायचं? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात कॅरन किड यांच्या गटाने 2001 ते 2003 या काळात एका अख्ख्या प्रायोगिक तळ्यात इथिनिल इस्ट्राडिऑल सोडलं, लिटरमागे केवळ 5-6 नॅनोग्रॅम राहील एवढं. नर मासे मादीच्या अंड्यात असणारं प्रथिन बनवू लागले आणि फॅटहेड मिनो जातीच्या माशांची संख्या कोसळून ते तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले. हा प्रयोग पाण्याचा होता, गाळाचा नव्हे. पण कमी म्हणजे किती कमी, याचा माझा अंदाज त्याने पार बदलला.

आबांच्या प्रश्नाला अगदी भिडणारा प्रयोग मात्र स्कॉटलंडमध्ये मिळाला, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

ग्लासगो आणि एडिंबरा यांच्यामध्ये हार्टवूड नावाचं संशोधन केंद्र होतं. ॲबरडीनच्या मॅकॉले इन्स्टिट्यूटच्या स्ट्युअर्ट ऱ्हाइंड यांनी तिथे मेंढ्यांच्या चराऊ रानावर काम सुरू केलं. एका रानाला प्रक्रिया केलेला मैलागाळ, दुसऱ्याला तेवढंच नत्र देणारं रासायनिक खत. गाळाचं प्रमाण हेक्टरी सव्वादोन टन, वाळल्या वजनाने, वर्षातून दोनदा. शेतकरी नेहमी वापरतात तेवढंच. गाळ टाकल्यावर कायद्याप्रमाणे तीन आठवडे रान बंद ठेवायचं आणि मग मेंढ्या सोडायच्या. कुणी मेंढ्यांना सुईने काही टोचलं नाही की खुराकात काही मिसळलं नाही. नियम पाळून, रोजच्यासारखी शेती करून काय होतं, एवढंच पाहायचं होतं. मला या प्रयोगाबद्दल आदर वाटतो तो याचसाठी.

मेंढ्या बाहेरून ठणठणीत होत्या. फरक दिसला तो पोटातल्या गर्भांत. मेंढीची गर्भावस्था साधारण पाच महिन्यांची. 110 व्या दिवशी पाहिलं तेव्हा गाळाच्या रानावरच्या नर गर्भांचं वजन कमी होतं, वृषणं लहान होती, पुढे शुक्रजंतू घडवायला लागणाऱ्या पेशी कमी होत्या, रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी होतं. हे 2005 साली प्रसिद्ध झालं. 2008 मध्ये ॲबरडीन विद्यापीठाच्या पॉल फाउलर यांच्या गटाने माद्यांचं मांडलं, तिथे गर्भाच्या अंडाशयातल्या अंडपेशी विरळ झालेल्या होत्या. हाडांच्या जडणघडणीत फरक, कोकरांच्या वागण्यात फरक, असंही निघत गेलं. मोठ्या झालेल्या नरांवरचा अभ्यास 2012 मध्ये आला. गर्भात आणि लहानपणी गाळाच्या रानावर वाढलेले बारा नर पुढे साध्या रानावर ठेवले होते. वरून पाहता ते धडधाकट होते, वृषणांचा आकारही नेहमीसारखा. पण बारांपैकी पाचांच्या वृषणांत बीजपेशी फारच थोड्या उरल्या होत्या. उरलेले सात बरे होते. तेच रान, तेच गवत, तरी पाचांना झालं आणि सातांना नाही. सरासरी काढली असती तर ते पाच त्या सरासरीत बुडून गेले असते.

यानंतरच्या दोन गोष्टींवर माझी मती अक्षरशः गुंग झाली. पहिली अशी, की या संशोधकांनी गाळ टाकलेल्या मातीत आणि मेंढ्यांच्या ऊतींत ही रसायनं मोजली. काही ठिकाणी थोडी जास्त, काही ठिकाणी तेवढीच, कुठे साध्या रानावरच्या मेंढ्यांतही जास्त. एकेक रसायन वेगळं काढून पाहिलं तर या दोन कळपांत एवढा फरक पडावा असं कारण दिसत नव्हतं. पण गाळात एकच रसायन कधी नसतं. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेटं, नोनिलफिनॉल, संप्रेरकं, जंतुनाशकं, जुन्या तेलांतली पीसीबी, धूर-काजळीतली संयुगं, सगळं एकत्र, प्रत्येक थोडं थोडं. प्रत्येकाची वेगळी मर्यादा ठरवून सगळी मर्यादेत आहेत म्हणून निर्धास्त व्हावं, तर मेंढीच्या पोटातला गर्भ ती सगळी एकदम घेत असतो. माझा आठ रकान्यांचा अहवाल मी त्या दिवशी पुन्हा काढून पाहिला. पन्नास रकाने असते तरी या प्रश्नाचं उत्तर त्यात मिळालं नसतं, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसरी गोष्ट 2013 च्या एका अभ्यासातली. त्यांनी मेंढ्यांचे चार गट केले. काही कायम साध्या रानावर, काही कायम गाळाच्या रानावर, काही गर्भधारणेच्या सुमारास साध्यावरून गाळाच्या आणि काही गाळाच्यावरून साध्या रानावर हलवलेल्या. गर्भाच्या अंडाशयात सर्वांत जास्त उलथापालथ कुठे असावी? मला वाटलं, कायम गाळावर असलेल्यांत. निघालं उलट. ज्यांचं रान गर्भधारणेच्या सुमारास बदललं, त्यांच्यात बदल जास्त होते. गाळाच्या रानावरून 'चांगल्या' रानावर नेलेल्यांतसुद्धा. म्हणजे गाभण राहिली की चारा बदलू, एवढ्याने भागेल असं म्हणायची सोय राहिली नाही. किती, यापेक्षा केव्हा हा प्रश्न तितकाच मोठा ठरतो, आणि 'केव्हा'साठी कुठल्याच अहवालात रकाना नसतो.

मेंढीला झालं ते म्हशीला किंवा माणसाला तसंच होईल असं यातून सिद्ध होत नाही. स्कॉटलंडच्या गाळात काय होतं आणि आमच्या केकमध्ये काय आहे, तेही एक नव्हे. गाळात जीव नाही, माती मारतो, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्या भागातल्या जमिनींत सेंद्रिय कर्ब किती खाली गेला आहे ते मी माती परीक्षणाच्या कागदांवर रोज पाहते. गाळातलं नत्र आणि स्फुरद हे शेतातूनच शहरात आलेलं असतं. ते शेतात परत जावं हे मला मनापासून पटतं. आमच्या आजीच्या पिढीने सोनखत वापरलंच की. पण त्या सोनखतात फिनाईल नव्हतं, प्लास्टिक नव्हतं आणि कापड गिरणीचं धोवणही नव्हतं.

नियम कुठे पोचले आहेत ते पाहिलं तर आपणच मागे आहोत असं नाही. युरोपचा गाळाबद्दलचा निर्देश 1986 चा, त्यात मर्यादा आहेत त्या धातूंच्या. अमेरिकेचा नियम 1993 चा, त्यात नऊ धातू आणि रोगजंतू. 2006-07 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 74 केंद्रांतून गाळाचे 84 नमुने घेतले, तेव्हा साबणात घालायचं ट्रायक्लोकार्बन सगळ्या 84 नमुन्यांत सापडलं आणि ट्रायक्लोसॅन 79 मध्ये. त्याच संस्थेच्या अंतर्गत महानिरीक्षकांनी 2018 साली लिहिलं की गाळात आढळलेल्या 352 प्रदूषकांबद्दल, ते सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवण्याइतकी माहिती वा साधनं संस्थेकडे नाहीत. मेन या राज्याने 2022 मध्ये शेतात गाळ टाकायलाच बंदी केली. तिथे कारण होतं पीएफएएस, म्हणजे न चिकटणाऱ्या भांड्यांपासून डाग न पडणाऱ्या कापडापर्यंत वापरलेली आणि मातीत विघटन न होणारी फ्लोरीनची संयुगं. स्वित्झर्लंडने तर 2006 पासूनच शेतात गाळ टाकणं थांबवून तो जाळायचा मार्ग धरला.

आपल्याकडे गाळाच्या बाबतीत जंतू मारण्यावर चांगलं काम झालं आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने आधी बडोद्याला आणि 2019 पासून अहमदाबादला कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांनी गाळ निर्जंतुक केला जातो. अहमदाबादच्या सयंत्राची क्षमता दिवसाला शंभर टन वाळल्या गाळाची आहे. जंतांची अंडी आणि रोगजंतू गेले की शेतकऱ्याचा मोठा धोका टळतो. पण निर्जंतुक हा शब्द ऐकला की सगळंच निर्धोक झालं असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या गोष्टी जंतू नाहीत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालात देशातल्या शहरांचं मैलापाणी रोजचं 72,368 दशलक्ष लिटर दिलं आहे आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होतं ते 20,236. हा आकडा वाचून सगळे म्हणतात, केंद्रं वाढवा. वाढवायलाच हवीत, नद्यांची दशा पाहवत नाही. पण प्रक्रिया तिप्पट झाली की गाळही तिप्पट होईल आणि तो कुणाच्या तरी शेताकडेच जाईल. रकाने वाढवायचे तर ते आत्ताच.

मग हे नोनिलफिनॉल आमच्या गटारात येतं कुठून, ते पाहायला मी बाजारात गेले. मंडईमागच्या गल्लीत फिनाईल, हँडवॉश, भांड्याचं लिक्विड बनवायला लागणारा कच्चा माल विकणारी दुकानं आहेत. बचत गटाच्या बायका तिथूनच माल नेतात. पाइन ऑइलच्या डब्याशेजारी निळ्या कॅनवर मार्करने लिहिलं होतं, एनपी 9.5. हेच ते नोनिलफिनॉल एथॉक्सिलेट. दुकानदार काकांनी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दाखवलं. नुसतं पाइन ऑइल टाकलं तर पाण्यावर तवंग आला. एनपी घालून टाकलं, तर पाणी क्षणात दुधासारखं पांढरं झालं. "ताई, हे घातल्याशिवाय व्हाइट फिनाईल होतच नाही," ते म्हणाले. ते दुधाळ पाणी गावभरच्या जिन्यांवरून, दवाखान्यांच्या फरशांवरून आमच्या केंद्राकडे येतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं ना त्या काकांना वाटतं ना बचत गटाच्या बायकांना. का वाटावं? त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

पर्याय नाही असंही नाही. फॅटी अल्कोहोलपासून केलेली एथॉक्सिलेटं हेच काम करतात आणि टाकीत बऱ्यापैकी पचून जातात. स्वित्झर्लंडने 1986 मध्ये कपडे धुण्याच्या मालात नोनिलफिनॉलचा गट बंद केला. युरोपीय संघाने 2005 पासून बहुतेक वापरांवर मर्यादा घातली. त्यानंतर तिथल्या गाळातलं त्याचं प्रमाण उतरत गेलं. सेंट्रिफ्यूज बदलावं लागलं नाही की नवी टाकी बांधावी लागली नाही. या सगळ्या वाचनात मला धीर देणारी गोष्ट हीच वाटली. दुकानदार काकांना मी दुसऱ्या मालाचं नाव लिहून दिलं. तो थोडा महाग पडतो, पण गटाच्या बायकांना विचारून बघतो म्हणाले.

आता आबांना काय सांगायचं? मी त्यांच्याबरोबर बांधावर बसून हिशेब मांडला. त्यांच्या ट्रॉलीत ओला केक साधारण तीन टन मावतो. त्यात ऐंशी टक्के पाणी धरलं तर कोरडा माल सहाशे किलो. ते एकरी चार ट्रॉल्या टाकतात, म्हणजे चोवीसशे किलो. स्कॉटलंडच्या रानावर एका वेळी पडत होता तो एकरी नऊशे किलोच्या आसपास, वर्षाकाठी अठराशे. आबा एका दमात त्यांच्या वर्षभराच्या पुढे जात होते. मी त्यांना मेंढ्यांचं सगळं सांगितलं, जे ठरलेलं आहे आणि जे ठरलेलं नाही तेही. हेही सांगितलं की ही तेलकट रसायनं पिकाच्या मुळांतून फारशी वर चढत नाहीत. जनावराच्या पोटात ती जातात ती चाऱ्याला चिकटलेल्या गाळातून आणि चरताना तोंडात येणाऱ्या मातीतून. म्हणून उसापेक्षा घास जास्त जोखमीचा, आणि चराऊ रान त्याहून.

आबांनी मधे एकदाही मला तोडलं नाही. मग म्हणाले, "गेल्या साली ज्या रानात टाकला, तिथला खोडवा मोडून यंदा घासच करायचा आहे. त्याचं कसं?"

हे माझ्या मनात आलं नव्हतं. मी सांगितलं, नांगरून हवा खेळती ठेवली तर नोनिलफिनॉल मातीत काही महिन्यांत बरंच मोडतं, हवा कोंडली तर टिकतं. धातू आणि पीएफएएस मात्र जात नाहीत. तेव्हा त्या रानात अजून एखादं पीक दुसरं घ्या, घास पलीकडच्या तुकड्यात करा, आणि पुढचा केक बांबूच्या बेटाला टाका. त्यांच्या दोन म्हशी गाभण आहेत आणि एक लवकरच लावायची आहे. "त्यांच्या वाट्याला तर नकोच," ते स्वतःहून म्हणाले.

आमच्या केंद्राच्या गाळाचा एक नमुना बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला वरिष्ठांनी परवानगी दिली आहे. नोनिलफिनॉल आणि थॅलेटं, एवढंच सध्या. नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, बाटली आधी द्रावकाने विसळायची, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावायची. प्लास्टिकची बाटली, प्लास्टिकचा चमचा, हातमोजे, काहीही गाळाला लागू द्यायचं नाही, कारण जे शोधायचं तेच त्यांतून नमुन्यात उतरतं. सेंट्रिफ्यूजच्या तोंडाखाली स्टीलचं घमेलं धरून मी ते भरून घेतलं, तेव्हा ऑपरेटर दादा आणि आबा दोघेही पाहायला उभे होते.

"रिपोर्ट इंग्रजीत येईल ना?" आबांनी विचारलं. हो म्हटलं. "मग तो मराठीत लिहून दे. आकडा काय आला, त्याचा अर्थ काय आणि तुम्हाला अजून काय काय माहीत नाही, तिन्ही लिही. सोसायटीच्या फळ्यावर लावतो. माझ्यामागे अजून लोक ट्रॉल्या घेऊन थांबलेत."